साखर गेली, औषध राहिलं

साखर आत जाते, यात वाद नाही. ती जाताना मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता चहात साखर घालतानाही तोच विचार येतो. वाद आहे तो तिच्या पाठीवर बसवलेल्या औषधाचा. ते आत गेलं असं पेपरात छापून आणणारे आमचे नंदकिशोर सर आणि मी, आमचं त्यावरूनच फाटलं.

आधी थोडं समजावून सांगते, कारण या सगळ्या प्रकारात नीट समजावून सांगायचे कष्ट कुणी घेतलेच नाहीत. काही हट्टी जिवाणू असतात, त्यांच्या अंगावर दुहेरी आवरण असतं. बाहेरच्या आवरणातून औषधं सहजासहजी आत जात नाहीत. पण जिवाणूलाही पोट आहे, त्याला साखर लागते. म्हणून त्या आवरणात प्रथिनांची बारीक बारीक दारं असतात. साखरेचा रेणू त्या अरुंद वाटेत शिरतो, भिंतीला धरून घसरत घसरत पुढे सरकतो आणि पलीकडे उतरतो. सरांची कल्पना अशी की साखरेला औषध जोडून द्यायचं. जिवाणू साखर समजून दार उघडं ठेवेल आणि विष पोटात घेईल. कल्पना चांगली होती. मी आजही चांगलीच म्हणेन.

ही साखर खरंच दारातून जाते का, हे बघणं माझं काम. महापेच्या औद्योगिक पट्ट्यात आमची संस्था आहे, तिथल्या तळमजल्यावर माझं टेबल. प्लास्टिकच्या पातळ पत्र्याला मोहरीपेक्षा लहान भोक, त्यावर बारीक कुंचल्याने चरबीचा पडदा रंगवायचा, आणि त्या पडद्यात जिवाणूचं एकच दार बसू द्यायचं. दोन्ही बाजूंना मिठाचं पाणी. दार उघडं असलं की त्यातून अगदी किंचित वीज वाहते आणि कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर सरळ रेषा दिसते. साखर दारात शिरली की वाट अडते, रेषा खाली पडते. साखर बाहेर पडली की पुन्हा वर. एवढंच. साखर ज्या बाजूला घालतो तिला आम्ही माहेर म्हणतो आणि पलीकडच्या बाजूला सासर. कुणी पाडलं हे नाव ठाऊक नाही, पण आता सरसुद्धा तसंच म्हणतात. रस्त्यावरून डंपर गेला तरी पडदा फुटतो, म्हणून टेबल स्कूटरच्या ट्यूबांवर ठेवलेलं आहे. तरी फुटतोच. या कामाला चिकाटी लागते, आणि माझ्याकडे ती आहे. नाही तो शांत स्वभाव.

आमच्याकडे एक पद्धत होती. औषध जोडलेली साखर आदल्या संध्याकाळी मिठाच्या पाण्यात विरघळवायची आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायची. याला आम्ही 'मुरवणं' म्हणायचो. सर परदेशात होते तिथे असंच करायचे म्हणे. का, ते कुणी विचारलं नाही. लोणचं का मुरवतात हे तरी कोण विचारतं? दुसऱ्या दिवशी ते द्रावण माहेरी घातलं की रेषा टपाटप खाली पडायची. सगळे खूष.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. नुसती साखर दारात जितका वेळ अडते, नेमकी तितकाच वेळ ही ओझं घेतलेली साखर अडत होती. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यातून मोकळ्या हाताने चढणारा आणि पाठीवर कपाट घेऊन चढणारा, दोघं एकाच वेळात वर पोचतात का? मी सरांना विचारलं. ते हसून म्हणाले, "अगं, तेच तर हवंय. दाराला फरकच कळत नाही. मी परिषदेत हेच वाक्य घेणार आहे."

मग एक दिवस फ्रीज बंद पडला. मुरवलेलं द्रावण फेकून द्यावं लागलं आणि मी ताजं करून लगेच घातलं. रेषा सरळच्या सरळ. संध्याकाळपर्यंत एकदासुद्धा खाली पडली नाही. मला वाटलं, दार बिघडलं. त्याच माहेरी चिमूटभर नुसती साखर टाकली, तर रेषा पडायला लागली. म्हणजे दार ठणठणीत होतं. मी तेच ताजं द्रावण रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी घातलं, तर टपाटप.

हे औषध जोडायचं काम ईश्वरीचं. तिची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर. तिने मुरवलेलं द्रावण तपासलं आणि खाली येऊन माझ्या स्टुलावर बसली. "जोड तुटतोय गं," ती म्हणाली. "रात्रभरात साखर वेगळी, औषध वेगळं." मग आम्हाला दोघींनाही कळलं, इतके दिवस आम्ही काय बघत होतो. साखर एकटीच सासरी जात होती. औषध माहेरीच पडून होतं. आणि जोड शाबूत असेल तेव्हा तर ती साखर दारात शिरतच नव्हती, ओझ्यासकट तिला ते दार पुरत नव्हतं.

यात रडण्यासारखं काही नाही. विज्ञानात असं होतं. ईश्वरीने त्याच दिवशी कागदावर दुसरा जोड काढून दाखवला, जास्त पक्का आणि अंगाने लहान. थोडे महिने द्या म्हणाली. आम्ही दोघी सरांकडे गेलो. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "छान काम केलंत. यावर नंतर सविस्तर बसू." नंतर म्हणजे कधी, ते आम्हाला रविवारच्या पेपरात कळलं.

'साखरेच्या वेशात औषध; नवी मुंबईच्या शास्त्रज्ञांची जिवाणूंवर मात.' खाली सरांचा फोटो, आणि मजकुरात माझं नाव. न विचारता. मात म्हणे. डोक्यात तिडीक गेली. सोमवारी मी सरांच्या केबिनमध्ये उभी राहिले, बस म्हणायच्या आत बोलायला लागले. सर म्हणाले, "तू मजकूर नीट वाच. औषध जातं असं म्हटलंय. रोगी बरा होतो असं कुठे म्हटलंय?"

"पण ते जात नाही, सर."

"आज नाही जात. ईश्वरी जोड बदलतेय ना? बातमी थोडी लवकर आली, एवढंच. अनुदानाची बैठक तोंडावर आहे. आणि लोकांना थोडी आशा मिळाली तर कुणाचं काय नुकसान झालं?"

कुणाचं काय नुकसान झालं, ते माझ्याच घरात बसलं होतं, खुर्चीवर पाय ठेवून.

माझे बाबा, दिलीप. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत आयुष्य काढलं, आता निवृत्त. ऐरोलीच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. डायबेटिस जुना. पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती चिघळली, आणि तपासणीत जो जिवाणू निघाला तो अगदी माझ्या टेबलावरचाच निघाला, म्हणजे त्याच जातीचा. एकामागून एक औषधं झाली, त्याने कशालाच दाद दिली नाही. सर्जन क्रांती मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "अंगठा आत्ता काढू या. पाय वाचेल. थांबलात तर मी शब्द देऊ शकत नाही." बाबा कसेबसे तयार झाले होते. तारीख ठरली होती.

आणि पेपर आला. बाबांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, कंपनीतल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर टाकला, गावच्या ग्रुपवर टाकला. सोसायटीने ऑफिसात शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार ठरवला, मी गेले नाही, तर आईला बसवून तिला दिला. आणि बाबांनी क्रांती मॅडमना फोन करून ऑपरेशन रद्द केलं.

"माझ्या पोरीचं औषध येतंय," ते म्हणाले. "तोवर थांबतो."

मी समजावलं. ओरडलेसुद्धा. "बाबा, औषध नाहीये. त्या बातमीत जे आहे ते झालेलंच नाही."

"मग पेपरवाले काय वेडे आहेत?"

"पेपरवाल्यांना सरांनी सांगितलं."

"आणि तुझे सर वेडे आहेत? एवढी मोठी संस्था चालवतात ते?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "गीतू, मला कळतं. तुला वाटतं मी ऑपरेशन करून मोकळं व्हावं, म्हणून तू असं बोलतेस. आईने शिकवलं असेल. मी एवढा पण घाबरट नाहीये. थांबू शकतो."

आई, जयमाला, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाबांना मी खोटी वाटत होते आणि पेपर खरा. याच्यासारखा संताप मला आयुष्यात कधी आला नाही. ज्यांच्यासाठी मी खरं बोलत होते, त्यांनीच मला खोटारडी ठरवलं.

मी सरांना म्हटलं, तुम्ही फक्त एक फोन करा. पेपरात दुरुस्ती नको, काही नको. माझ्या वडिलांना एवढंच सांगा की औषध तयार नाही, ऑपरेशन करून घ्या. सरांनी माझ्यासमोरच फोन लावला.

"नमस्कार काका. हो हो, गीतांजली फार हुशार मुलगी आहे. नाही, कसं आहे काका, संशोधनाला थोडा वेळ लागतोच. तुम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने चाला, आणि पॉझिटिव्ह राहा. आमचं काम जोरात चालू आहे. हो, नक्की. काळजी घ्या."

फोन ठेवून ते म्हणाले, "बघ, सांगितलं की नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने चाला म्हणून?"

घरी गेले तर बाबांचा चेहरा खुललेला. "स्वतः फोन केला सरांनी," ते आईला सांगत होते. "काम जोरात चालू आहे म्हणाले." त्यांच्या पायाच्या पट्टीला आता वास यायला लागला होता. काळेपणा अंगठ्यावरून शेजारच्या बोटाकडे सरकला होता, आणि हा माणूस पॉझिटिव्ह राहत होता.

तेव्हा मी ठरवलं, सांगून कळत नसेल तर दाखवू. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना रिक्षात घातलं आणि महापेला घेऊन गेले. त्यांना वाटलं, औषध बघायला चाललो आहोत. इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटेत सरांना फोन करून कळवलंही, "येतोय तुमच्याकडे." त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा सर माझ्या टेबलापाशी हजर होते, हसतमुख.

मी बाबांना खुर्ची दिली. काठी टेबलाला लागू देऊ नका म्हटलं. पडदा रंगवला, तो फुटला. पुन्हा रंगवला, तेवढ्यात सरांचा मोबाइल वाजला आणि रेषा पिसाळल्यासारखी नाचायला लागली. मी सरांना फोन बाहेर ठेवून या म्हटलं, आणि ते ठेवून आले. मग पडदा टिकला, दार बसलं, रेषा सरळ झाली. बाबा डोळे बारीक करून बघत होते.

"हे दार," मी म्हटलं. "खऱ्या जिवाणूचं. आता यात नुसती साखर घालते. औषध नाही, फक्त साखर."

रेषा पडली, वर आली, पडली, वर आली.

"गेली आत," बाबा म्हणाले. त्यांना कौतुक वाटलं. मलाही वाटतं, अजूनही.

सगळं धुऊन मी नवा पडदा रंगवला. ईश्वरी वरून बाटली घेऊन आली आणि तिने बाबांसमोरच पूड पाण्यात विरघळवली. "काका, हे औषध जोडलेली साखर. आत्ता बनवलंय," ती म्हणाली.

मी ते घातलं. रेषा सरळ. आम्ही थांबलो. सर पुढे होऊन म्हणाले, "हे जरा मुरवावं लागतं." मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"बंद पडलं का?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा. दार उघडं आहे. वीज जातेय, रेषा वर आहे बघा. कुणी आत येत नाहीये." आणि त्यातच मी नुसती साखर टाकली. रेषा पडायला लागली.

बाबांनी स्क्रीनवरची रेषा खाली पडताना दोनदा बघितली. मग सरांकडे वळले. "साहेब, औषध आत जात नाही तर."

"काका, हा अगदी प्राथमिक टप्पा आहे. एका प्रयोगावरून असा निष्कर्ष काढता येत नाही. शास्त्रात शक्यता असतात, होकार-नकार नसतो."

"पेपरात तर होकार होता," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बिल्डरच्या माणसाशी बोलतात तसा होता. "मला एवढंच सांगा. हा पाय तुमचा असता, तर तुम्ही थांबला असता का?"

सर काहीतरी म्हणायला गेले. त्यांनी बाबांच्या पट्टीकडे बघितलं, मग ईश्वरीकडे, मग दरवाज्याकडे. "मी... डॉक्टर म्हणाले असते तसं केलं असतं," ते म्हणाले.

"कधी?"

"लगेच."

बाबांनी मान हलवली. काठी टेकून उठले. टेबलाला धक्का लागला आणि पडदा फुटला, रेषा गेली. "सॉरी गं," ते मला म्हणाले. मी म्हटलं, असू दे. आम्ही तिथूनच रिक्षाने हॉस्पिटलला गेलो.

क्रांती मॅडम रागावल्या नाहीत. पट्टी सोडून बघितलं आणि नर्सला म्हणाल्या, आजच घेऊ. जे एका अंगठ्यावर निभावलं असतं, त्यात अंगठा, शेजारची दोन बोटं आणि पुढच्या तळव्याचा तुकडा गेला. टाच राहिली. "चालतील," मॅडम म्हणाल्या. "बूट बनवून घ्यावा लागेल." मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बातमीनंतर इथे तुमच्या औषधाची चौकशी करणारे बरेच आलेत. मी काय सांगू त्यांना?" मी म्हटलं, सांगा की नाहीये. त्या म्हणाल्या, "मी सांगते हो. त्यांना पेपर खरा वाटतो."

हे मी ऐकलं आणि सोडून दिलं, कारण तेव्हा मला फक्त बाबा दिसत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते नीट शुद्धीवर आले. पायाबद्दल काही विचारलं नाही. आईने चमच्याने पाणी पाजलं. मग म्हणाले, "माझा फोन दे. हिरामणला लाव."

हिरामण म्हणजे कंपनीतले त्यांचे जोडीदार, करावे गावचे. एकाच शिफ्टमध्ये दोघांनी नोकरी काढली. डायबेटिसही दोघांनी एकाच सुमारास आणला, असं बाबा गमतीने म्हणायचे.

"आत्ता कशाला? विश्रांती घ्या," मी म्हटलं.

"त्याचा पण पाय खराब आहे. मी त्याला थांबायला सांगितलंय. तुझं औषध येतंय म्हणून."

मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. हिरामणकाकांचा आवाज थकलेला होता, पण बाबांचं नाव बघून खूष झालेला. "बोल रं दिलीप. आला का तुज्या पोरीचा औषद? मी थांबलोय. डाक्टरला सांगून ठेवलाय, पाय कापाचा नाय म्हनून. आता गुडघ्यापरत आलाय बग, पन थांबलोय."

बाबांनी डोळे मिटले आणि हाताने मला खूण केली. तू सांग.

मी सांगितलं. साखर, दार, जोड यातलं काही नाही. औषध नाहीये, काका. लगेच हॉस्पिटलला जा. आत्ता. पलीकडे खुडबुड झाली, आणि त्यांची सून सुचिता फोनवर आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती चिडलेली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं.

"ताई, मंग पेपरान छापला कशाला?"

त्याचं उत्तर मी देणार नव्हते. ज्यांनी द्यायचं, त्या सरांचा नंबर मी तिला सांगितला, एकेक आकडा सावकाश, दोनदा. आणि म्हटलं, आधी काकांना हॉस्पिटलला ने, मग यांना फोन कर, आणि हेच विचार.